उणे पंचवीस

अंबडला, दुसऱ्या मजल्यावर, रात्रीचे सव्वा अकरा.
खालच्या शेडमधला पॉवर प्रेस थांबलाय,
वॉचमन बोरस्ते गेटपाशी मोबाईलवर कुस्ती बघतोय.
माझ्या टेबलावर एक कॅमेरा, काडेपेटीएवढा.
मोहाडीच्या पॅकहाऊसमध्ये पट्ट्यावरून सरकणारी द्राक्षं
तो बघणार आहे: मण्याचा आकार, देठाचा हिरवेपणा.
सध्या काहीच बघत नाही.
नुसती उत्तरं देतो.

उत्तरं सगळी उणे.
शून्य म्हणजे ठीक, आणि शून्यावर कुणी बोलत नाही.
बोलायचं झालं तर उणंच.
अकरा वर्षं झाली, यंत्रांची उणीदुणी वाचतेय,
आणि घरी म्हणतात, तू हल्ली फार टोचून बोलतेस.

उणे सोळा: मला दुसरं कुणीतरी वापरतंय.
ते दुसरं कुणीतरी बहुतेक वेळा मीच असते,
तीन तासांपूर्वीची, बंद करायला विसरलेली.
उणे अकरा: आत्ता नाही, परत विचार.
याच्यावर माझा राग नाही.
तलाठी ऑफिसात हेच ऐकलं होतं, सातबाऱ्यासाठी, सहा वेळा;
हा निदान खरं बोलतो, फ्रेम खरंच भरलेली नसते.

उणे बावीस खडूस. चुकलंय, एवढंच.
रुंदी चुकली, उंची चुकली, की रंगांचा क्रम?
वाघचौरे बाई अशाच लाल रेघ ओढायच्या
आणि पुढच्या मुलीची वही घ्यायच्या.
उणे एकोणीस आलं की आधी वायर हलवून बघायची.
एकदा वायर शाबूत होती. कॅमेराच नव्हता.
हेरंब न सांगता डेमोला घेऊन गेला होता, पुण्याला.

आज उणे पंचवीस.
मी फक्त म्हटलं, लेन्स जरा पुढे घे.
तर म्हणतो, मी टाईपरायटर नाही.

खरंच असंच आहे ते वाक्य.
कितीतरी वर्षांपूर्वी कुणीतरी यंत्राच्या तोंडी घातलेलं,
तेव्हा जोडायला टाईपरायटरसारखंच काहीबाही असायचं.
आता अर्थ इतकाच की हे काम मला येत नाही.
सरळ सांगायचं सोडून
पणजीचं नाव काढल्यासारखं.

शालिमारला, सायकलच्या दुकानावर, अण्णांचा क्लास होता.
जिना चढतानाच पायांना आवाज लागायचा.
नव्या मुलांना पहिला आठवडा मधल्या ओळीची अक्षरं,
बोटं न उचलता: सहकार सहकार सहकार,
पानंच्या पानं सहकार,
आणि अण्णा पट्टी घेऊन पाठीमागून फिरायचे,
कागदाकडे न बघता, कानानं चूक पकडायचे.
परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या, मग मशिनं भद्रकालीत गेली,
किलोवर.
पंचवीस होती असं लिहिलं असतं तर बरं जुळलं असतं.
सतरा होती.

फोन लावला. जागेच होते.
अण्णा, हा कॅमेरा म्हणतोय, मी टाईपरायटर नाही.
बराच वेळ खोकला.
मग म्हणाले, नाहीच आहे ना तो. खोटं कुठे बोलला?
लेन्स पक्की बसवलेली असेल त्याची. सरकतेच कशी?

मी उलटा करून बघितला.
पक्कीच होती. कडेनं डिंकाची बारीक रेघ.
दोन तास मी त्याला न येणारी गोष्ट मागत बसले होते.

वेग काय? अण्णांनी विचारलं. तीसचा, की चाळीसचा?
साठ, म्हटलं. साठ फ्रेम.
मिनिटाला?
सेकंदाला, अण्णा.

पलीकडे पंख्याची घरघर तेवढी.
खाली बोरस्ते कुणाच्या तरी डावावर ओरडला.

आणि चुका?